टोमॅटोवर टुटा की नागअळी? फवारणीआधी पान उघडून बघा

भाऊ, पानावर पांढरं दिसलं की लगेच पंप पाठीवर घेऊ नका. रेघ बारीक आणि वळणावळणाची असेल तर ती नागअळी, म्हणजे माशीची अळी: पिवळसर, बिनपायाची. टुटा हा पतंग. त्याची अळी पानाच्या दोन्ही पापुद्र्यांमधला हिरवा गर खाते, म्हणून रुंद, पारदर्शक डाग पडतो. पान उन्हाकडे धरा. डागात काळी विष्ठा साचलेली दिसेल. नखाने पापुद्रा सोला. तपकिरी डोकं, त्यामागे काळी आडवी पट्टी आणि पाय दिसले की टुटाच. मोठी अळी जेमतेम ७-८ मिमी, पाठीवर गुलाबी झाक.

ही एका पानावर थांबत नाही. बाहेर येऊन दुसरीकडे शिरते, शेंडा पोखरते आणि देठाजवळून फळात घुसते. टाचणीएवढं भोक पडलं तरी नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगावच्या टोमॅटो बाजारात माल मागे पडतो.

अंडी उघड्यावर असतात, अळी मात्र आत. त्यामुळे उशिरा मारलेलं औषध वाया जातं. लागवडीपासूनच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, ल्यूर म्हणजे त्यातली वासाची गोळी वेळेवर बदला. पण सापळ्यात फक्त नर अडकतात, तेवढ्यावर विसंबू नका. एकाच गटाचं, म्हणजे एकाच पद्धतीने काम करणारं औषध सलग मारलं की अळीत प्रतिकारशक्ती येते, गट बदला. मात्रा लेबलवरचीच.

खुडलेली पानं बांधावर टाकण्याची सवय सर्वांत वाईट. अळी तिथेच मातीत कोषात जाते. पानं प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. शेजारी बटाटा, वांगी किंवा धोतरा असेल तर तोही तपासा.