‘स्टॉकर’ पुन्हा बघण्याआधी

पूर्वी अर्ध्यात सोडलेला, रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ हा सिनेमा (१९७९) आता नव्याने साफ केलेल्या ब्लू-रेवर बघताय, उत्तम! सुरुवातीला एवढंच सांभाळा:

– मागवण्याआधी डिस्कचा रिजन (ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते) तपासा. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची आवृत्ती ‘ए’ रिजनची, भारत ‘सी’मध्ये. बरेच जण इथेच फसतात.
– टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारं सेटिंग) आणि ‘व्हिविड’ (भडक रंगांचा) मोड बंद.
– चित्र जवळजवळ चौकोनी आहे. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ताणलंत तर माणसं बुटकी दिसतील.

सुरुवात तपकिरी दिसली म्हणून रंगांशी खेळत बसू नका. ते मुद्दाम केलंय, ‘झोन’ या सिनेमातल्या निषिद्ध प्रदेशामध्ये पोचल्यावर हिरवा येतोच. बारीक दाणेही फिल्मचेच. ‘नॉइज रिडक्शन’ लावलं की चेहरे मेणाचे होतात.

आणि तो ट्रॉलीचा लांबलचक प्रवास! तिथे हमखास मोबाईल हातात येतो. तो दुसऱ्या खोलीत ठेवा, आवाज थोडा वाढवा आणि रुळांच्या खडखडाटात संगीतकार आर्तेम्येव्हचं इलेक्ट्रॉनिक संगीत हळूहळू कसं मिसळतं ते ऐका. मला विचाराल तर अख्ख्या डिस्कचे पैसे तिथेच वसूल. अर्थ-बिर्थ, मुलाखती, समीक्षा सगळं नंतर. सिनेमा जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे, रात्री अकराला लावू नका.