स्वच्छ इंधनाकडे वळताना सुरुवात कोणत्या वाहनांपासून करावी?

तेल आयात करणाऱ्या आणि तिजोरीत फारसा पैसा नसलेल्या विकसनशील देशाने वाहतुकीसाठी सीएनजी, इथेनॉल आणि वीज यांपैकी काय निवडावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याआधी दिवसभर रस्त्यावर कोणती वाहने असतात, हे पाहायला हवे. खासगी मोटार बहुतेक वेळ उभीच असते. शहर बस, रिक्षा आणि टॅक्सी पहाटेपासून रात्रीपर्यंत धावतात, शिवाय बसचा मार्ग आणि आगार ठरलेले असल्याने इंधन भरण्याची किंवा चार्जिंगची सोय मोजक्या जागी केली तरी भागते. जास्त धावणाऱ्या वाहनाचा वाढीव खर्च लवकर वसूल होतो, तरीही अनुदानाची सुरुवात खासगी मोटारींपासून करणारी सरकारे आहेत, याचे मला नवल वाटते.

दिल्लीत नेमके बस-रिक्षांपासूनच काम सुरू झाले, पण पुरवठा मागे राहिला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये शहरातील सर्व बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. वाहने येऊ लागली तेव्हा पंप आणि कॉम्प्रेसर अपुरे होते, त्यामुळे लांबच लांब रांगा लागल्या, मुदत वाढवावी लागली आणि डिझेल बस हटायला २००२ चे वर्षअखेर उजाडले. वाहिनीतून येणारा वायू सुमारे २०० बार दाबाने टाकीत भरावा लागतो. कॉम्प्रेसर कमी पडला की टाकी अर्धीमुर्धीच भरते आणि तोच रिक्षावाला त्याच दिवशी पुन्हा रांगेत येतो. म्हणजे पंपांची टंचाई स्वतःच रांग वाढवते.

इथेनॉलबाबत ब्राझीलचा अनुभव अधिक बोलका आहे. उसापासून बनवलेले इथेनॉल वाहनांत वापरण्याचा तेथील कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी बहुसंख्य फक्त इथेनॉलवर चालणाऱ्या होत्या. पुढे तेल स्वस्त झाले, साखरेला चांगला भाव मिळू लागला, १९८९ च्या सुमारास इथेनॉलचा तुटवडा पडला आणि ग्राहकांचा विश्वास उडाला. तो परत मिळवायला २००३ साल उजाडावे लागले, कारण त्या वर्षी आलेल्या फ्लेक्स-फ्युएल मोटारीत पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात भरता येत होते. एकाच पिकावर अवलंबून असलेले इंधन सक्तीने आणायचे असेल, तर चालकाच्या हाती असा पर्याय ठेवावा, असे मला ठामपणे वाटते.

ज्या देशात जलविद्युत मुबलक आहे, त्याने मात्र विजेचाच विचार आधी करावा. नेपाळमध्ये विजेवरील मोटारींची आयात वेगाने वाढली आहे, तर इथिओपियाने २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींच्या आयातीवर बंदीच घातली. खरी अडचण भांडवलाची असते. विजेच्या रिक्षाचा रोजचा खर्च कमी असला, तरी बॅटरीची किंमत सुरुवातीलाच मोजावी लागते आणि चढ्या व्याजात ती बचत विरघळून जाते. म्हणून वाहन चालकाच्या मालकीचे आणि बॅटरी भाड्याची, ही पद्धत मला जास्त व्यवहार्य वाटते. इंधनावरील करातून मिळणारे उत्पन्न घटणार असल्याने अर्थखात्यालाही सुरुवातीपासूनच चर्चेत घ्यावे.

एवढे करूनही मालवाहतूक बरीच वर्षे डिझेलवरच चालणार आहे, म्हणून तेच डिझेल आधी शुद्ध करावे. भारताने १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे मानक लागू करताना डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आणली. गंधकामुळे धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक निकामी होतात, त्यामुळे तसे इंधन उपलब्ध नसताना फिल्टर बसवलेले नवे इंजिन आणणे व्यर्थ ठरते. तेलशुद्धीकरण कारखान्यात यासाठी मोठी गुंतवणूक करावी लागते हे खरे, परंतु त्याचा लाभ नव्या गाड्यांपुरता नसतो: फिल्टर नसलेल्या जुन्या ट्रकच्या धुरातील सल्फेटचे सूक्ष्म कणही पहिल्या टाकीपासूनच कमी होतात.