पोरगा चर्चला यायला नाही म्हणतो, आता काय करायचं?

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर नगरचं, सासर सोलापूरचं, तिकडे जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा आता पंधराचा. लहानपणी संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणून दाखवायचा, नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायचा, आणि आता रविवारी सकाळी दार लावून झोपून राहतो, "तुमचं चर्च तुमच्यापाशी ठेवा" म्हणतो. नवरा म्हणतो ओढत न्यायचं, ताई रात्री रडत प्रार्थना करतात, आणि सासूबाईंनी फोनवर विचारलं की नातू उपासनेला जातो ना, तर हो म्हणून सांगतात.

ताई, पहिलं म्हणजे सासूबाईंना खरं काय ते सांगून टाका. तुम्हाला सगळ्यात जास्त गरज त्यांचीच लागणार आहे म्हणून म्हणते. बायबलमधलं, प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढा, पहिल्याच अध्यायात तो त्याच्या विश्वासाबद्दल बोलताना आधी आजीचं नाव घेतो, लोईसचं, आणि मग आईचं, युनीकेचं. आणि हा तीमथ्य होता कोण, तर लुस्त्र गावचा, आई यहूदी, बाप हेल्लेणी, म्हणजे घरात एक जग आणि दाराबाहेर दुसरं, अगदी तुमच्या लेकासारखं. मला तर हे वाचताना नेहमी परदेशातली आपली पोरं दिसतात.

पण आजीने फोनवर "चर्चला गेलास का" एवढंच विचारलं तर पोरगा फोन घ्यायचाच बंद होईल. आजीने आपली गोष्ट सांगायची. तुम्ही लिहिलंय सासूबाई सत्तरीला टेकल्यात, म्हणजे 1972 च्या दुष्काळात त्या साधारण तुमच्या मुलाच्याच वयाच्या असणार. तेव्हा घरात काय होतं काय नव्हतं, दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण जायचं, रात्री प्रार्थनेला बसल्यावर आई देवाकडे काय मागायची, कधी देवाचा राग आला का, हे सगळं त्यांना सांगू द्या, मराठीतच सांगू द्या, त्याला अर्धं कळेल, उरलेलं तुम्ही शेजारी बसून सांगा. तुमच्याकडे रविवारी संध्याकाळचे सात म्हणजे सोलापुरात दुपारचे अडीच, आणि तुमचं उन्हाळ्यात घड्याळ पुढे गेलं की दीड, त्यांची जेवणं झालेली असतात, निवांत वेळ असतो. वीस मिनिटं पुष्कळ झाली.

आता दुसरी गोष्ट, जी मला माझ्याच घरात फार उशिरा कळली. माझी मुलगी सोळाची असताना चर्चहून परत येताना गाडीत मी दर वेळी विचारायची, आज उपदेशात काय सांगितलं, कळलं का, आणि ती खिडकीबाहेर बघत बसायची. मला वाटायचं मी तिला विश्वासात वाढवतेय, आणि तिला वाटायचं परीक्षा चालू आहे. फरक पडला तो आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका काकांमुळे, ते साऊंडचं काम बघायचे, त्यांनी तिला एक दिवस सांगितलं की मला एकट्याला जमत नाही, मदतीला येशील का. बस एवढंच. वायरी गुंडाळता गुंडाळता ती त्यांना प्रश्न विचारायला लागली, जे मला कधीच विचारले नव्हते, की माझ्या हिंदू मैत्रिणीची आजी इतकी चांगली होती मग तिचं काय, आणि प्रार्थना करूनही माणसं का मरतात. काका घाईने उत्तर द्यायचे नाहीत. मला पण हा प्रश्न पडतो म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी त्यावर वाचून यायचे.

पौलानेही तीमथ्याला समोर बसवून नुसते धडे दिले नाहीत, प्रवासाला सोबत घेतलं, कामं सांगितली. आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक बघा, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्या वाटेची सुरुवात रेल्वेच्या डब्यात झाली होती, एका अनोळखी सहप्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने जाताना नवा करार हातात दिला. घरचं माणूस जे करू शकत नाही ते कधीकधी बाहेरचं माणूस करतं, आणि त्यात आईबापाचा काही कमीपणा नाही.

म्हणून तुमच्या मंडळीत असं एक माणूस शोधा, फार हुशार नसलं तरी चालेल पण वेळ असलेलं आणि ऐकून घेणारं. पण डोळे उघडे ठेवून हं. तुमच्याकडे वर्किंग विथ चिल्ड्रन चेक असतो, म्हणजे मुलांसोबत काम करणाऱ्यांची सरकारी तपासणी, तो झालाय का हे स्पष्ट विचारा, संकोच करू नका, भेटी चार लोकांसमोर होऊ द्या, बंद खोलीत नाही, आणि "आईबाबांना सांगू नको" असं कोणी मुलाला म्हणालं तर तिथेच थांबवा, मग तो माणूस पाळक का असेना.

भावजींना माझा निरोप द्या. ओढत नेलं तर शरीर बाकावर येऊन बसेल एवढंच. त्यांना मार्काची गोष्ट वाचायला सांगा, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15. मार्क आधीच्या प्रचारफेरीत अर्ध्यातून निघून गेला होता म्हणून पौल त्याला परत घ्यायला तयार नव्हता, पौलाचा सोबती बर्णबा म्हणाला घेऊया, इतकं वाजलं की दोघं वेगळे झाले, बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला, म्हणजे सायप्रसला, गेला. आणि तोच पौल नंतर तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधली कितीतरी वर्षं कोणीतरी त्या पोराला धरून होतं.

महिन्यातून एकदा तुमची मराठी उपासना असते लिहिलंय, दोन तास, आणि त्याला निम्मे शब्द कळत नाहीत. तो गिटार वाजवतो ना, मग एका गीताला साथ करायला सांगा, आधी घरी बसून ओळीओळीचा अर्थ सांगा. टिळकांची बरीच गीतं अभंगाच्या चालीवर आहेत, गिटारवर बसवायला त्याला मजा येईल. नाही म्हणाला तर सोडून द्या, पुढच्या महिन्यात परत विचारा.

शेवटी विचारलंय की पुढच्या वर्षी कन्फर्मेशनचा क्लास आहे, नाव घालू का. त्याला न विचारता घालू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या वतीने तुम्ही वचन दिलं होतं, दृढीकरणात, म्हणजे कन्फर्मेशनमध्ये, ते त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचं असतं. आत्ता नको म्हणाला तर पाळकांशी बोलून ठेवा, सतराव्या वर्षी करता येतं, पंचविसाव्याही येतं. फॉर्म आणून त्याच्या टेबलावर ठेवा आणि सांगा की हा तुझा आहे, तुला वाटेल तेव्हा भर.