‘शाळेत नुसतं खेळवतात’ म्हणून धास्तावलेल्या पालकांसाठी

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. आम्ही परदेशात राहतो. इथल्या बालवाडीत दिवसभर माती, पाणी, झाडं एवढंच चालतं. अजून एक अक्षर गिरवलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबा विचारतात, ‘आज काय शिकवलं?’ उद्या भारतात परतलो तर ही मागे पडेल का? घरी रोज तासभर लिहायला बसवावं का?

उत्तर : बसवू नका. तिला स्वतःहून अक्षरांची ओढ लागली तर जरूर दाखवा, पण तासभर पेन्सिल धरून बसणं या वयाला झेपत नाही. मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात, आणि खांदा-दंडात बळ आल्याशिवाय बोटांची पकड नीट बसत नाही. फांदीला लोंबकळणं, ओल्या वाळूची बादली उचलणं, चिखल मळणं ही लिहिण्याचीच पूर्वतयारी आहे.

एकदा बाईंना विचारून थोडा वेळ नुसतं बघत उभ्या राहा. मुलं मातीत पाट काढून पाणी सोडतात. पाणी मध्येच अडतं. एक म्हणतो अजून ओत, दुसरी म्हणते आधी इकडे खण. वाद होतो, कुणीतरी माघार घेतं, खोदून उतार वाढवला जातो आणि पाणी सरकतं. अंदाज बांधणं, तो चुकला की बदलणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, स्वतःचं म्हणणं शब्दांत मांडणं, सगळं तिथे होतं. चांगली शिक्षिका तिथे लहान-मोठी भांडी मुद्दाम ठेवते, नेमक्या वेळी एखादा प्रश्न टाकते आणि एरवी मधे पडत नाही. मुलांना नुसतं अंगणात सोडून मोठी माणसं कोपऱ्यात गप्पा मारत असतील, तर मात्र तो खेळातून शिकवण्याचा प्रकार नव्हे. तसं दिसलं तर स्पष्ट विचारा.

हे नवं खूळही नाही. फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० साली जर्मनीत आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं, तेव्हा मुलांना मशागतीसाठी स्वतःचे वाफेही दिले होते. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे गुरं चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. फिनलंडमध्ये पहिलीचं वर्ग-शिक्षण सातव्या वर्षी सुरू होतं. भारताच्या २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळावरच भर आहे. सगळ्या शाळा तसं वागतात असं नाही. परतायचं नक्की झालं तर तिथल्या शाळेशी आधी बोला आणि शेवटचे काही महिने रोज थोडा वेळ, हसत-खेळत अक्षरओळख करून द्या. आत्तापासून घाई नको.

पावसाची भुरभुर दिसली की मुलांना घरी ठेवणारे आपल्यात बरेच आहेत. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि बंद खोलीतल्या गर्दीत ते जास्त पसरतात. खरा प्रश्न कपड्यांचा असतो. आतून उबदार, बाहेरून पाणी न शिरणारे कपडे, गमबूट, बदलायला एक जोड, सगळ्यावर नाव. आणि ‘कपडे मळवू नकोस हं’ हे वाक्य दारातच सोडा. ते कानात घेऊन गेलेलं मूल दिवसभर कडेला उभं राहतं, हे मी पाहिलं आहे.

घरच्या मराठीलाही बाहेरचा खेळ फार उपयोगी पडतो. सुट्टीच्या दिवशी तिच्यासोबत बाहेर पडा आणि मराठीतच बोला. मुळी, शेंडा, वारूळ, शेवाळ, डबकं, खरखरीत, गुळगुळीत, बुळबुळीत. हे शब्द हाताला लागले की राहतात. घरात बसून ‘मराठीत सांग बरं’ म्हटलं की मुलं कंटाळतात.

आजी-आजोबांना समजावत बसू नका. कॉल बागेतून लावा. ‘काय शिकवलं?’ ऐवजी ‘तू काय बांधलंस?’ असं विचारायला सुचवा. ती आपणहून सांगू लागेल.

काळजीची गोष्ट वेगळी असते. कुठल्याच भाषेत वाक्यं जुळत नसतील, हाकेला प्रतिसाद नसेल, इतर मुलांकडे ती ढुंकूनही बघत नसेल किंवा येत असलेल्या गोष्टी विसरू लागली असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. तिथे कुणी घरची भाषा बंद करा म्हणालं, तरी मराठी थांबवू नका. दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही.