राऊटरचं पान उघडेना? पत्ता मोबाइललाच विचारा

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. वाय-फायचा पासवर्ड गल्लीभर झालाय, तो बदलायचाय, आणि राऊटरचं सेटिंगचं पान काही उघडत नाही. कारणं मात्र प्रत्येकाची निराळी निघाली.

प्रश्न : ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की गूगलची यादी येते. शेवटी ०.१ करूनही पाहिलं, तेच. राऊटर बिघडला असेल का? (जुळे सोलापूर)

राऊटरचा काही दोष दिसत नाही. यादी आली याचा अर्थ ब्राउझरने तुमचे आकडे पत्ता म्हणून घेतलेच नाहीत, काहीतरी शोधायला दिलंय असं समजला. आधी कीबोर्ड बघा. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू असेल तर आकडेही देवनागरी उमटतात आणि तिथेच गाडी अडते. इथे आकडे मराठीत छापलेत, टाकताना मात्र इंग्रजीच टाका. एकच्या जागी एल, शून्याच्या जागी ओ, टिंबाऐवजी स्वल्पविराम, मधेच एखादी स्पेस, हेही रोजचंच. सगळं बरोबर असूनही यादीच येत असेल तर आकड्यांच्या आधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरप्या रेघा टाका.

आता मुद्द्याचं. हा पत्ता सगळ्या राऊटरांचा नसतो. घरातल्या, ऑफिसातल्या खासगी नेटवर्कसाठी पत्त्यांचे तीन गट १९९६ सालापासून राखीव आहेत : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. त्यातला कुठला घ्यायचा ते कंपनी ठरवते. डी-लिंक आणि टेंडाच्या बऱ्याच मॉडेलवर १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या डब्यावर १९२.१६८.२९.१. व्हिडिओ बघून पत्ता टाकला असेल तर त्यातला माणूस त्याच्या घरचा पत्ता सांगतो, तुमच्या घरचा नाही.

म्हणून अंदाज सोडा आणि हातातल्या मोबाइलला विचारा. वाय-फाय जोडलेलं ठेवून अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर किंवा शेजारच्या चाकावर दाबा. खाली ‘गेटवे’ असं लिहिलेलं असतं, त्यापुढचा आकडा तुमच्या राऊटरचा. आयफोनवर नावाशेजारच्या गोलातल्या आय चिन्हावर दाबलं की ‘राऊटर’ या ओळीत तो दिसतो. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) असं इंग्रजीत टाका आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ची ओळ बघा. तिथे पुढे काहीच नसेल आणि तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. वायर नीट बसलीय का बघा, राऊटर बंद करून चालू करा, मग पुढचं.

आणि एक. गूगलच्या त्या यादीत ‘राऊटर लॉगिन’ नावाची पानं असतात, कुठेकुठे ‘कस्टमर केअर’चा नंबरही असतो. तिथे पासवर्ड टाकू नका, त्या नंबरला फोन लावू नका. फोन लावून पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

प्रश्न : सकाळपासून नेट बंद आहे. नेटच नाही तर राऊटरचं पान उघडणार कसं? (साखर पेठ)

उघडतं. ते पान राऊटरच्या पोटातच असतं, त्याला बाहेरचं इंटरनेट लागत नाही. अडचण मोबाइलची असते. वाय-फायवर नेट नाही असं दिसलं की तो गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि राऊटरचा पत्ता बाहेर शोधत बसतो. मोबाइल डेटा बंद करा, ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का’ असं विचारलं तर हो म्हणा. व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवणारं ॲप, चालू असेल तर तोही बंद. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो बंद करता येत नाही, तेव्हा घरचा मोबाइल वापरा. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वाय-फायवरून बहुतेक राऊटर हे पान दाखवत नाहीत, हेही तपासा. डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर मात्र पानात शिरून काही हाती लागणार नाही. फायबरच तुटलीय किंवा निसटलीय, सरळ केबलवाल्याला फोन करा.

प्रश्न : टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात फायबरवाल्याचा डबा, आत मागासाठी आणि कॅमेऱ्यासाठी आमचा वेगळा राऊटर. पत्ता टाकला की कधी त्याचं पान येतं, कधी काहीच येत नाही. आमचं पान दिसतच नाही. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

दोन्ही डब्यांचा पत्ता एकच असणार. फायबरवाल्याचा १९२.१६८.१.१ आणि तुमचाही तोच. काही नवे राऊटर ही टक्कर ओळखून स्वतःच पत्ता बदलतात, जुने बदलत नाहीत.

तुमच्या राऊटरमध्ये फायबरच्या डब्याकडून येणारी वायर काढा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून तो केबलने राऊटरच्या लॅनच्या, म्हणजे आतली यंत्रं जोडायच्या खाचेत जोडा. वॅनची, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायची खाच बहुतेक वेगळ्या रंगाची असते, तिच्यात नको. आता तो पत्ता टाकला की तुमचंच पान येईल, दुसरं येणार कुठून? लॅनच्या सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.५०.१ करा आणि सेव्ह करा. सेव्ह केल्याबरोबर पान गोल गोल फिरत अडकतं आणि माणसं घाबरून वीज काढतात. काढू नका. राऊटर नव्या पत्त्यावर गेलाय म्हणून जुनं पान मेलंय, एवढंच. मिनिटभर थांबा, नवा पत्ता टाका, सगळं दिसलं की वायर परत लावा. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या डब्याला) जुना पत्ता हाताने भरून दिला असेल तर तोही बदलावा लागेल, नाहीतर रात्री कॅमेरे दिसत नाहीत म्हणून तुमचाच फोन येईल.

फायबरची वायर तुमच्या राऊटरच्या लॅनमध्येच खोचली असेल आणि डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटायची सोय, बंद केलं असेल, तर लॅपटॉपला पत्ता आपोआप मिळणार नाही. तेव्हा लॅपटॉपला १९२.१६८.१.५० असा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क हाताने द्या, काम झाल्यावर पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा.

डबा मागाशेजारी ठेवला असेल तर जाळीतला सुताचा फुफाटाही महिन्याकाठी झटकत जा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो आधीच तापलेला असतो.

प्रश्न : पान उघडतं, पण पासवर्ड चुकीचा म्हणतं. वाय-फायचाच टाकतोय. मागचं रिसेटचं भोक दाबू का? (होटगी रोड)

थांबा, दाबू नका.

वाय-फायचा पासवर्ड आणि पानाचा पासवर्ड वेगळे असतात. दुसरा बहुतेक डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. तरी चालला नाही तर बसवणाऱ्याने बदललेला असणार, त्याला विचारा. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला तर काही राऊटर थोडा वेळ दारच लावून घेतात, तेव्हा जरा दम धरा.

रिसेटची टाचणी दहाएक सेकंद दाबून धरली की पासवर्डबरोबर कनेक्शनचं युजरनेम, त्याचा पासवर्ड, केबलवाल्याने भरलेली सगळी सेटिंग पुसली जाते. मग पान उघडतं, नेट जातं. रविवारी संध्याकाळी हा उद्योग केलात तर सोमवारपर्यंत घरात नेट नाही असं धरून चाला. आधी केबलवाल्याकडून युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून घ्या, मगच टाचणी शोधा. डबा कंपनीचा असेल तर तुम्हाला मिळतो तो ग्राहकाचा पासवर्ड, आतल्या बऱ्याच गोष्टी त्यात दिसतच नाहीत. त्यासाठी भांडून उपयोग नाही.

प्रश्न : ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं लाल अक्षरात येतं. हॅक झालंय का? (विजापूर रोड)

नाही. राऊटरने आपलं प्रमाणपत्र आपणच लिहिलेलं असतं, ब्राउझरला ते पटत नाही. पत्ता गेटवेशी जुळत असेल आणि तुम्ही घरच्याच वाय-फायवर असाल, तर ‘प्रगत’वर दाबून पुढे जा. हीच सूचना बँकेच्या पानावर आली तर मात्र तिथूनच मागे फिरा.

प्रश्न : मी पुण्यात, आई-वडील सोलापुरात. इथून त्यांच्या राऊटरचं पान उघडून पासवर्ड बदलता येईल का? (पुणे)

१९२.१६८ चा पत्ता घराबाहेर चालत नाही. पुण्यात तो टाकलात तर तुमचाच राऊटर उघडेल, नाहीतर काहीच उघडणार नाही. बाहेरून उघडायची ‘रिमोट मॅनेजमेंट’ची सोय असते, पण ती मी चालू करू देत नाही, कारण मग जगातल्या कुणालाही तुमच्या दारावर पासवर्ड आपटून बघता येतो. शिवाय बऱ्याच घरगुती कनेक्शनला आता स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, त्यामुळे ती चालू करूनही उपयोग होत नाही.

जिओचं कनेक्शन असेल तर मायजिओ ॲपमधून वाय-फायचं नाव-पासवर्ड बदलता येतो. दुसऱ्या काही कंपन्यांच्या ॲपमध्येही तशी सोय आहे, पण ती आधी घरी बसून जोडून घ्यावी लागते. पुढच्या खेपेला आलात की तेवढं करा. तोवर व्हिडिओ कॉल लावा आणि वडिलांना सावकाश एकेक बटण सांगा. पासवर्ड बदलला की त्यांचाही मोबाइल वाय-फायवरून सुटेल आणि कॉल मधेच तुटेल, ते त्यांना आधीच सांगून ठेवा.