गजर वाजला होता का?

दिव्यांग मुलांच्या पालकांशी बोलणं हे माझं काम. एप्रिल लागला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "मॅडम, घरचे सगळे इमॅजिकाला चाललेत. याला न्यावं का? याची औषधं असतात ना." मूल स्वमग्न असो, सेरेब्रल पाल्सीचं असो नाहीतर फिट येणारं, प्रश्न तोच. आणि विचारणारी बहुतेक वेळा आईच. वडील खाली गाडी लावत असतात.

हे कुटुंब पुण्याचं. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत. मुलगा नऊ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आणि जोडीला फिट. घरात त्याला पिल्लू म्हणतात. सकाळी आठ, रात्री आठ, साडेसात एमएल औषध. दोन वर्षांपूर्वी दीर-जावेबरोबर महाबळेश्वरला गेले होते. रात्रीचा डोस हुकला आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलावरच त्याला फिट आली. तेव्हापासून सहली बंद. आता जावेनं पुन्हा विषय काढला होता. खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जायचं, सगळे मिळून नऊ जण.

आई वही घेऊनच आली. "मी फार विसरभोळी आहे, मॅडम. लक्षात राहील असं काहीतरी सांगा." वहीत दोन वर्षांचे तक्ते, एकही खाडा नाही. फोनमध्ये तीन गजर: पावणेआठ, आठ, सव्वाआठ. विसरभोळी बाई अशी नसते.

मला एक खोड आहे. कुणी "विसरलो" म्हणालं की माझा लगेच विश्वास बसत नाही.

"त्या रात्री गजर वाजला होता का?"

"वाजला होता."

"मग?"

"बंद केला."

मी काही बोलले नाही. तिनं वहीचा कोपरा दुमडला, सरळ केला, परत दुमडला.

"जाऊबाई शेजारी बसल्या होत्या," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर बाटली कशी काढणार?"

जावेला पिल्लू 'जरा हळू' आहे एवढंच ठाऊक होतं. फिटचं कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळचा प्रकार 'पित्तानं चक्कर आली' म्हणून निभावून नेलेला. दिव्यांगत्वाचं कार्डही साड्यांच्या खाली. म्हणजे औषध विसरलं नव्हतंच, लपवलं होतं. मी आणखी दोन गजर लावून दिले असते, तर तिनं तेही बंद केले असते. हे पहिल्याच तासात हाती लागलं याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

माझा कल पहिल्यापासून घराकडे बघण्याचा. एकाच माणसाला धरून बसलं की बाकीचे अलगद सुटतात. म्हणून पुढच्या वेळी वडिलांना वर बोलावलं.

"औषध किती देता?"

"ते हीच बघते."

"हिला ताप आला तर?"

"तापातही हीच देते." म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

ठरलं की पंधरा दिवस औषध वडिलांनी द्यायचं, आणि त्या वेळी आईनं दुसऱ्या खोलीत थांबायचं. अवघड काम तिचं होतं. तिसऱ्या दिवशी बाबांनी अंदाजानं झाकणात ओतलं, तेव्हा ती धावत बाहेर आलीच. सुई नसलेली सिरिंज वापरायला ते चौथ्या दिवशी शिकले.

आता प्रवासाचं. बहुतेक पालक सकाळच्या डोसची काळजी करतात, पण हुकतो तो रात्रीचा. दमलेलं मूल गाडीत झोपतं, गाडी घाटात अडकते, बाटली डिकीत. यांनी घाट चढायच्या आधी खालीच जेवायला थांबायचं आणि आठ वाजता तिथेच औषध द्यायचं ठरवलं. पहाटे चारला मुलाला उठवून निघणं रद्द केलं. अपुरी झोप फिटला आमंत्रण देते, हुकलेल्या डोसइतकंच.

औषध त्याच्या मूळ बाटलीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. पार्कांत बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात. चिठ्ठी हाताशी असली की वाद होत नाही. जास्तीचे डोस दुसऱ्या मोठ्या माणसाच्या पिशवीत. उन्हात उभ्या गाडीत बाटली ठेवू नये. गोळी चालू असेल तर ती कुटून आइस्क्रीममध्ये घालण्याआधी विचारा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. डोस चुकला किंवा औषध उलटून पडलं तर पुन्हा द्यायचं का, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनानं दुप्पट डोस देऊ नका.

डॉक्टरांनी फिटसाठी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो लॉकरमध्ये जाता कामा नये. राइडवर पिशवी नेऊ देत नाहीत, आणि नेमका इथेच घोटाळा होतो. खाली थांबणाऱ्याच्या गळ्यात तो हवा. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर स्प्रे आणि 108. डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर ती पाळा. पाण्यात मोठं माणूस हाताच्या अंतरावर. कोणती राइड चालेल हे डॉक्टरांनाच विचारा. लखलखत्या दिव्यांनी फिट येणारी मुलं थोडीच असतात, पण आपलं त्यांतलं आहे का हे माहीत हवं.

परदेशी जाणाऱ्यांना एवढंच सांगते, सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तिथे आपले रात्रीचे आठ म्हणजे साडेदहा. दुबई काय नि सिंगापूर काय, एकाग्रतेच्या किंवा झोपेच्या काही औषधांना आधी परवानगी काढावी लागते. तिकिटाच्या आधी ते बघा.

जावेला सांगायचं वाक्य आम्ही माझ्यासमोर चार-पाचदा म्हणून पाहिलं. शेवटी तिनं ते फोनवर एका दमात सांगून टाकलं: "पिल्लूला फिट येते, रात्री आठला औषध असतं." जाऊ म्हणाली, "अगंबाई, मग त्याला पाळण्यात वगैरे बसवू नका हं." एवढंच. आईला ते लागलं. पण संध्याकाळी चौदा वर्षांच्या पुतणीचा फोन आला: "काकू, तो स्प्रे मारायचा कसा, मला दाखवशील?"

जूनमध्ये तिघं भेटायला आले. राइडवर चढताना बाबांनी गळ्यातला स्प्रेचा बटवा पुतणीच्या गळ्यात घातला होता. जेवताना आठचा गजर वाजला, तेव्हा जावेनंच पाण्याचा ग्लास पुढे केला. बोलली मात्र काही नाही.

"आणि पिल्लूला काय आवडलं?" मी विचारलं.

बाबा हसायला लागले. "स्वच्छतागृहातलं हात सुकवायचं मशीन. अकरा वेळा हात धुतले त्यानं."