जुन्या गेम बॉयवर कोड्यांचे गेम खेळायचेत, सुरुवात कशाने करू?

टेट्रिसने, म्हणजे वरून पडणारे तुकडे रचायच्या गेमने, पण तिथेच अडकू नका. १९८९ च्या गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, हिरवट रंगाच्या चार छटा, मागून उजेड नाही. वेगाने सरकणारं चित्र त्यावर धूसर होतं. म्हणून धावपळीच्या गेमपेक्षा स्थिर चौकटीतली कोडी त्यावर जास्त शोभतात.

नव्या टेट्रिसची सवय असेल तर सुरुवातीला चिडचिड होईल. इथे तुकडा बाजूला राखून ठेवता येत नाही, पुढचा एकच दिसतो, आणि भिंतीला चिकटलेला तुकडा बऱ्याचदा वळतच नाही. मला तेच आवडतं.

माझी खरी शिफारस मात्र १९९५ चा मारियोज पिक्रॉस. हा चौकटीतली घरं भरून चित्र उलगडायचा गेम. रांगेच्या कडेला आकडे असतात, सलग किती घरं भरायची ते सांगणारे. १५ घरांच्या रांगेला ‘१०’ असेल, तर मधली पाच घरं डोळे झाकून भरा, दहाचा पट्टा कुठेही सरकवला तरी ती त्यात येणारच. अंदाजपंचे चुकीचं घर भरलंत तर कोड्यासाठी मिळणाऱ्या अर्ध्या तासातली दोन मिनिटं कापली जातात, मग चार, मग आठ.

यंत्र जुनं घेणार असाल तर बॅटरीच्या कप्प्यातला गंज आधी बघा. पडद्यावरच्या ओरखड्यांचं एवढं काही नाही.